मेंदूतल्या एका दरवाज्याची कबुली

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मेंदूतला. तिथल्या एका पेशीच्या भिंतीत मला बसवलंय. मला कडी नाही, बिजागरी नाही, आणि बाईच्या बारीकातल्या बारीक सुईच्या टोकावर माझ्यासारखे लाखो सहज मावतील.

काम सोपं. गाबा नावाचा निरोप्या टकटक करतो, मी उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि बडबडी पेशी गप्प बसते. लगेच मी मिटतो. पण मावशी आली की ती मला जास्त वेळ उघडं धरते. मावशी म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची लेक. खरं नाव अ‍ॅलोप्रेग्ननोलोन. ते घेताना जिभेला गाठ पडते. आहे स्टेरॉइडच, पण दंड फुगवणाऱ्यांपैकी नव्हे. शरीरातच तयार होते आणि सगळ्यांना शांत करत फिरते.

बाईला दिवस गेले आणि मावशीनं मुक्कामच ठोकला. खरं सांगतो, आम्ही सोकावलो. मावशी आहे ना, मग आपण कशाला राबायचं? आमच्यातल्या बऱ्याच जणांनी अंग काढून घेतलं, उरलेले पेंगायला लागलो.

मूल झालं. दोन-चार दिवसांत मावशी चंबूगबाळं आवरून चालती झाली, आणि आम्ही डोळे चोळत बसलो.

मग काय विचारता! भांडं पडलं की बाई दचकायची. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागेना. तीन आठवड्यांनी जरा मन रमेल म्हणून कातर हातात घेतली, तर वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. त्या मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली आणि बाळाला नवऱ्याकडे दिलं.

"मला नको देऊस. माझ्या हातून पडेल तो."

"अगं, मन घट्ट कर," नवरा म्हणाला. बिघाड दरवाज्यांचा, आणि हा गडी मनाचे स्क्रू आवळतोय!

त्यानंतर शेजारी कुणी बसल्याशिवाय तिनं बाळाला हात लावला नाही. मला माझी फार लाज वाटली.

सासूबाई बाईच्याच शिवणाच्या दुकानात काज-बटणं करायच्या. त्यांनी त्या बाह्या पाहिल्या.

"तुझा नवरा झाला तेव्हा मी एका शर्टाला पाठीवर बटणं लावली होती," त्या म्हणाल्या. "लोक म्हणाले, नाटकं करते. मलाही तेच वाटलं. दोन वर्षं कुढले बघ. तू नाही कुढायचं. ऊठ, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझं चित्र काढलं. मी पाच तुकडे गोलाकार जोडून बनलेला खरा, पण चित्रात अगदी पाच फोडींचा भोपळा! पण त्या म्हणाल्या, "यात तुमचा काही दोष नाही," आणि एवढं ऐकून बाईचे खांदे खाली आले.

औषध, झोप, सासूबाईंचा पहारा. आम्हीही एकेक करत जागेवर आलो. एका दुपारी दुकानात नवऱ्याच्या हातात बाळ किंचाळत होतं.

"आण इकडे," बाई म्हणाली. बाळ तिच्यापुढे ठेवून नवरा गिऱ्हाइकाकडे गेला; शेजारी कुणी नव्हतं. तिनं त्याला उचललं, आणि माझ्या पेशीत एकच ओरडा उठला: पडेल, पडेल! गाबानं टकटक केली. मावशी नव्हती. मी जीव खाऊन उघडलो.

बाळ नाही पडलं. तिच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलं.

बाळंतीण रडली तर तिला बोल लावू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि आम्हाला थोडा वेळ द्या. आम्ही कामावर उशिरा येतो, पण येतो.