तारीख बुधवारची होती

मी एक जुना बँड आहे. मित्रांनो, लग्नात वाजतो तो नव्हे. वकिलाच्या गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतात ना, तो. जुन्या जालन्यातल्या एका शिंप्याने मला शिवलं आणि अंबडच्या राजानंद वकिलांनी घेतलं. घरी त्यांच्या पत्नी कौसल्याबाई मला तांदळाची कांजी करायच्या. तेव्हा माझा तोरा काय होता म्हणून सांगू!

वकिलांची एक रीत होती. हाताखाली आलेल्या नव्या पोरांनी कोर्टात पहिल्यांदा उभं राहायचं, ते मला घालून. असे सात गळे मी पाहिले. एक दिल्लीला गेला, एक बंगळुरूला, तिघं मुंबईच्या कंपन्यांत, दोघी हैदराबादला बँकेत. अंबडला कुणी राहिलं नाही. दर वेळी वकील माझी घडी घालून मला कपाटात ठेवायचे.

आठवी पायल, अंकुशनगरच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. तेव्हा सोनूबाईचा दावा चालू होता. तिचा दीर तिला राहत्या घरातून काढायला निघाला होता. वकिलांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज उरला नव्हता. म्हणून बोलायचं ते पायलनेच. ती उभी राहिली की सोनूबाई मागच्या बाकावर निवांत बसायची.

मग पायलला गुरुग्रामच्या मोठ्या फर्ममध्ये नोकरी लागली. निघताना वकिलांनी मला तिच्या हातात दिलं. "शेवटच्या तारखेला तेवढी येऊन जा," ते कसंबसं म्हणाले.

"येते सर, बराबर येते. सोनूबाईला म्हणावं, बिलकुल काळजी करू नका."

गुरुग्रामला मी टेबलाच्या खणात पडून राहिलो. पायल दिवसभर संगणकावर परक्या कंपन्यांचे करार वाचायची. कोर्टाचं तोंडही तिने पाहिलं नाही. एक दिवस वकिलांचा निरोप आला, तारीख बुधवारची आहे. तिने रजेचा अर्ज लिहिला. पण त्याच आठवड्यात फर्मचं मोठं काम निघालं आणि अर्ज तिने पाठवलाच नाही. मी खणात, मी काय करणार?

पंधरा दिवसांनी सोनूबाईचा फोन आला.

"पोरी, त्या दिशी वकीलसाहेब लई जोर लावून बोलून राह्यले व्हते. पण जजसाहेबांना ऐकूच येईना. मंग मीच मागून सांगाया लागले, तर मला गप बसवलं. आज निकाल लागला. घर गेलं गं." मग तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

रविवारी पायलने मला बाहेर काढलं. गळ्यात बांधलं आणि आरशासमोर उभी राहून सोनूबाईची सगळी बाजू मांडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही मुद्दा न चुकता, खणखणीत आवाजात. खोलीत आम्ही दोघंच होतो. मग ती खाली बसून रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला पायलने फार जपलं. माझ्यावर एक डाग नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. तुम्ही शिकाल, लांब जाल. खुशाल जा. पण कुणाला 'येते' म्हणून सांगितलं असेल, तर त्या बुधवारी या.