जिभेवरचा चुना

अंजिरा गेली त्या वर्षी सीनाकाठच्या करंजपेठेत उन्हाळा माघातच येऊन बसला. न बोलावता आला आणि उठायचं नाव घेईना. पळस अवेळी पेटले. नदीचं पात्र उघडं पडलं. आणि बंद गिरणीची चिमणी त्या ताम्रवर्ण आभाळात एकटी उभी राहिली, धूर विसरलेली, सावली न विसरलेली.

त्या सावलीच्या दोन अंगांना गाव. मावळतीला वरची पेठ, विणणाऱ्यांची. उगवतीला खालची वस्ती, गावानं शिवायचं नाही असं ठरवलेल्यांची. सकाळी सावली पेठेवर पडायची, कलत्या उन्हात वस्तीवर. तिला विटाळ नव्हता. बाकी सगळ्यांना होता.

अंजिरा म्हणजे हरिबा बनसोड्याची बायको, आणि हरिबाची जीभ.

हरिबाला स्वतःची जीभ होती, पण ती तोंडाच्या तळाला चिकटून बसलेली, वाळल्या चामड्यासारखी. बोलायला गेला की स्वर तेवढे बाहेर यायचे. व्यंजनं जळून गेली होती, फार जीव लावला तर नाकातून एखादा 'न' निघायचा. 'पाणी' म्हणायचा तर 'आई' ऐकू यायचं, 'भाकर' म्हणायचा तर नुसता 'आआ'. अंजिरा त्या स्वरांना अक्षरं लावायची, जशी पोरीच्या फाटल्या परकराला काठ लावावा. ती गेली, आणि हरिबाचे शब्द पुन्हा उघडे झाले.

जीभ कशी गेली, हे अंजिरा सोडून घरात कुणाला ठाऊक नव्हतं. 'गिरणीत अपघात झाला,' एवढंच अंजिरा सांगायची. तिनं जन्मभर घरात चुना येऊ दिला नाही. सणाला सगळी वस्ती पांढरीशुभ्र व्हायची, बनसोड्यांची भिंत मात्र शेणामातीची, काळीसावळी. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला वास सोसत नाही बाई." लेकांना पेठेतच राबायचं होतं. त्यांच्या डोक्यात आग नको, म्हणून तिनं आग आपल्या पदरात बांधली आणि पदर मातीत घेऊन गेली.

आग अशी होती.

हरिबा तेव्हा कोवळा होता, सागाच्या नव्या पानासारखा, आणि त्याच्या गळ्यात दम होता. गिरणीचा मोठा संप झाला तेव्हा फाटकापुढं त्याची हलगी कडाडायची आणि त्याचा आवाज चिमणीच्या टोकाला जाऊन बसायचा. पेठ आणि वस्ती त्या आवाजाखाली एकत्र उभी राहिली. उपाशी पोटं, तांबडे बावटे, एकच घोष. पेठेतल्या बाया वस्तीतल्या पोरांना वरून, हात न लावता, भाकरी टाकायच्या. पण टाकायच्या.

संप जिंकला. संप चालू असताना युनियननं शब्द दिला होता, की जिंकल्यावर कुणीही कुठल्याही खात्यात काम करील. तोवर वस्तीतल्या माणसांना सूतकताईच्या धुळीतच ठेवलेलं. साच्यावर, कापड विणायला, त्यांना पाय ठेवता येत नव्हता. कारण साधं होतं. साच्यावरच्या धोट्यात, आडवा दोरा घेऊन पळणाऱ्या त्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून काढावा लागायचा. ओठ लावायचे, श्वास ओढायचा, दोरा जिभेवर यायचा. तोच धोटा मग पाळी बदलली की दुसऱ्याच्या ओठांत. याची थुंकी त्याच्या तोंडात. पेठ संपात एक झाली होती. थुंकीत एक व्हायला तयार नव्हती.

तरी हरिबा गेला. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस, छातीत नव्या नवरदेवाची धडधड. साचे गरजत होते, शुभ्र तंतूंची ती वादळवेळ, हजार धोट्यांचं धावतं रान. भानुदास जॉबर, साच्यावरच्या माणसांचा म्होरक्या, हसत पुढं आला.

"ये हरिबा, ये. लाव तोंड. आता आपण समदे एकच की."

आणि त्यानं आपल्या हातानं धोटा दिला.

हरिबानं ओठ लावले. गाणाऱ्याचा श्वास तो, खोल, दमदार. दुसरा कुणी असता तर ओठांवर निभावलं असतं. हरिबानं सगळ्या छातीनं ओढलं, आणि धोट्याच्या भोकात दडपलेला कळीचा चुना सगळाच्या सगळा त्याच्या जिभेवर, टाळूवर, घशात गेला. कळीच्या चुन्याला पाणी भेटलं की तो उकळतो. तोंडात पाणी होतंच.

तो ओरडला. साचे थांबले नाहीत. त्या गजरात माणसाचं ओरडणं म्हणजे उघडं तोंड, एवढंच. ते उघडं तोंड बघून कुणीतरी हसलं, मग दुसरा हसला, आणि कापड विणलं जात राहिलं, शुभ्र, सलग, निष्कलंक.

त्यानंतर हरिबा गायला नाही.

इतक्या वर्षांनी, अंजिरेच्या माघारी, त्या कोरड्या फाल्गुनात, त्याच्याजवळ त्याची नात येऊन बसली. आम्रपाली तिचं नाव, घरात आमू. सोलापूरला कॉलेजात शिकायची आणि रॅप करायची. मोबाईलवर ठेका लावून, मान हलवत, शब्दांवर शब्द, जणू कुणी पाखडणीला बसलंय. तिची आई कपाळाला हात लावायची. "गाणं म्हण, नाहीतर भांडण कर. दोन्ही एकदम कशाला?"

आमू म्हणाली, "आबा, तोंडाला काय झालं होतं? आज्जी काय सांगायची नाही. तुम्ही सांगा."

किती तरी उन्हाळ्यांत हरिबाला कुणी काही विचारलं नव्हतं. जेवलास का, निजलास का, सोडून. त्याचे डोळे भरले. त्यानं हातांनी साचा उभा केला, बोटांनी धोटा धाववला, ओठ पुढं काढून श्वास ओढून दाखवला. आमूला गिरणी कळली, धोटा कळला, तोंड लावणं कळलं. मग आला तो एकच शब्द, ज्याच्यासाठी हे सगळं होतं. हरिबानं सगळा जीव लावून तो बाहेर ढकलला.

"ऊना."

"काय?"

"ऊ...ना."

आमूच्या भुवया जवळ आल्या, आणि एकदम उजळल्या. "गुन्हा? तोंड लावलं म्हणून गुन्हा?"

हरिबानं मान हलवली, नाही, नाही. पण पोर आता त्याच्याकडं बघत नव्हती. ती मोबाईलकडं बघत होती. तिच्या आत ठेका सुरू झाला होता, आणि ठेका सुरू झाला की माणसाला म्हाताऱ्याची मान दिसत नाही. तिला वाटलं, आबा रडतोय.

जयंतीच्या मंडपात, निळ्या पताकांच्या फडफडीखाली, आमू उभी राहिली. माईक तिच्या ओठांना लागला.

*धोट्याला लावलं तोंड, सांगा काय केला गुन्हा,*
*माझ्या आज्याच्या जिभेवर अजून जळतो गुन्हा!*

वस्ती उसळली. "गुन्हा! गुन्हा!" पोरं खांद्यावर पोरं घेऊन नाचली. पुढच्या खुर्चीवर हरिबा बसला होता. हलगीनंतर प्रथमच त्याचं दुःख चिमणीच्या टोकाला जाऊन बसलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं. चुना ज्यानं भरला तो त्या ओळीत कुठंच नव्हता. गुन्हा होता, आणि तो हरिबाच्या जिभेवर होता.

गाणं मोबाईलमधून मोबाईलमध्ये गेलं. सीना ओलांडून गेलं. पेठेतल्या पोरांनीही उचललं, कारण ठेका भारी होता. रिक्षातून, रसवंतीतून, लग्नाच्या वरातीतून तेच. हरिबा घरात म्हणायचा, "ऊना." आमू त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. "हो आबा, गुन्हा. सगळीकडं वाजतंय तुमचं."

एका चैत्रदुपारी, रस्ता तापल्या तव्यासारखा असताना, हरिबा काठी टेकत पेठेच्या नाक्यावर गेला. पानटपरीवरचा मल्लिनाथ हसला.

"काय ओ आबा, या वयात पान? कुणासाठी रंगवताय तोंड?"

हरिबानं चुन्याच्या डबीकडं बोट केलं.

"तंबाखू नको, नुसता चुना? घ्या की. चुन्याला कोण पैसे घेतंय."

पानाच्या तुकड्यावरचा तो शुभ्र, थंड, निरागस दिसणारा गोळा हरिबानं मुठीत झाकून घरी आणला. आमू उंबऱ्यावर बसून नवं गाणं जुळवत होती. तो तिच्यापुढं बसला. गुडघे कडकडले. त्यानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. मूठ उघडली. आणि सगळा चुना, जीभ जिथं चिकटून बसली होती तिथं, बोटानं लिंपला.

"आबा!"

चुना बोलला. जिथं जीभ बोलू शकत नव्हती, तिथं चुना बोलला. डोळे रक्तवर्ण झाले, गालाच्या शिरा सापासारख्या उठल्या, ओठांच्या कडेनं पांढरा फेस ओघळला. तरी त्यानं तोंड मिटलं नाही. उघड्या तोंडाकडं बोट करून, मग ओठ पुढं काढून, मग श्वास ओढून, मग पुन्हा पांढऱ्या जिभेकडं बोट करून तो म्हणाला, "ऊना."

आमूनं ऐकलं. आता ऐकलं.

"चुना," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "धोट्यात चुना घातला होता."

हरिबानं मान हलवली. हो. हो. हो.

तिनं तोंडात गोडेतेल ओतलं, बोटं घालून खळखळून धुतलं, आणि धुता धुता रडत राहिली. "कुणी, आबा?" त्यानं पेठेकडं हात केला. नाव त्याच्या तोंडात नव्हतं. पेठेत तर कुणाच्याच तोंडात नव्हतं.

वैशाखात वरच्या पेठेनं गिरणीच्या पटांगणात तरुणांचा महोत्सव भरवला आणि आमूला मानानं बोलावलं. हरिबा हट्टानं आला. तोंड अजून सोललेलं, पेजेवर जगणारा, पण आला. त्याला तो एक शब्द त्याच जागी ऐकायचा होता.

महोत्सवाचा अध्यक्ष बाळकृष्ण, भानुदास जॉबरचा नातू. उमदा पोरगा, पांढरा शर्ट, हसरा. त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हे पेठेचं वडिलार्जित धन. त्यानं हरिबाच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि माईकवर म्हणाला, "गाण्यातले आजोबा आज आपल्यात आहेत. त्यांनी या वयात आपला गुन्हा कबूल केला. याला मोठं मन लागतं."

टाळ्या पडल्या. दीर्घ, उबदार, क्षमाशील टाळ्या. पेठेनं हरिबाला माफ केलं.

आमूनं माईक ओढून घेतला. टाचेनं ठेका धरला.

*धोट्याला लावलं तोंड, सांगा काय केला गुन्हा,*
*माझ्या आज्याच्या जिभेवर अजून जळतो चुना!*

गर्दी क्षणभर अडखळली, जशी बैलाच्या पायात दोरी यावी. मग मागून एक जण ओरडला, "कुणी कुणाला चुना लावला बे?"

हशा उठला. फसवलेल्याला चुना लागतो, हे लहान पोरालाही माहीत. "आज्ज्यानं लावला की!" दुसरा म्हणाला. "आज्ज्याला लावला!" तिसरा म्हणाला, आणि तेच खरं होतं, आणि त्यावरच सगळ्यात जास्त हसले.

"धोट्यात चुना घातला होता," आमू माईकवर म्हणाली. "ह्याच गिरणीत. तुमच्याच माणसांनी." पण बाळकृष्ण तिच्या कानाशी येऊन मायेनं सांगत होता, "ताई, गुन्हाच म्हणा. चुन्यात दम नाही. पब्लिक हसतंय." आणि त्यानं बोटानं खूण केली. साउंडवाल्यानं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

स्पीकरमधून आमूचाच आवाज आला, स्वच्छ, तेजस्वी, चुकलेला. हजार कंठ त्याला जाऊन मिळाले. *गुन्हा. गुन्हा. गुन्हा.* आमू व्यासपीठावर ओठ हलवत होती. त्या गजरात तिचं ओरडणं म्हणजे उघडं तोंड, एवढंच.

खालून हरिबा तिच्याकडं बघत होता. गर्दीत एकट्यालाच तिच्या ओठांवरचा शब्द वाचता येत होता. त्यानंही तोंड उघडलं आणि तिच्याबरोबर तो शब्द म्हटला. ती दोघं म्हणत राहिली. पटांगण नाचत राहिलं.

त्या दिवसापासून त्यानं अन्न घेतलं नाही. घसा मिटला होता. आमू उशाशी बसून हळूहळू, ठेक्याशिवाय, तीच ओळ म्हणायची, नीट, एकेक अक्षर ठेवत. तो डोळे मिटून ऐकायचा. ऐकणारा तो एकटाच होता.

मग शेवटच्या पाण्याची रीत झाली. वस्ती ओळीनं आली आणि ज्याच्या तोंडचा धोटा गावाला चालला नाही, त्याच्या तोंडात वाटीनं पाणी घालून गेली. आया-बाया, म्हातारे, काखेतली लेकरं. जीभ चिकटलेली म्हणून पाणी आत जाईना. ओठांच्या कडेनं ओघळून ते कानामागं, मानेखाली, कोऱ्या पांढऱ्या कापडात मुरत गेलं. हरिबा लक्ष्मण बनसोडे, करंजपेठेच्या गिरणीचा कामगार, अंजिरेच्या माघारी पहिल्याच ज्येष्ठात, मंगळवारी, ऊन डोक्यावर यायच्या आधी वारला.