सहा वाजून दहा मिनिटांचा भूकंप

"म्याडम, आता सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाय. तुम्हालाच काय, या डोंगराला बी वाटायचं नाय, अन् तो तर तिथंच उभा व्हता."

एवढं बोलून केंद्राचा राखणदार रंगनाथने उपरण्याने बाज झटकली. निकिताने बाजेकडे पाहिलंही नाही. नाशिकहून नांदगावच्या माळावरल्या या भूकंप-केंद्रात ती आली होती ती मेलेल्या डिजिटायझरसाठी. डिजिटायझर म्हणजे जमिनीची थरथर आकड्यांत लिहून घेणारी, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. काल तिने कचेरीतून त्यात नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, चढवायला घेतलं आणि अर्ध्यातच यंत्राने मान टाकली. काल सकाळी नऊलाच तिने रंगनाथला फोनवर बजावलं होतं, आज बॅटरीला हात लावायचा नाही.

रंगनाथने लावला होता. ट्रॉलीत कांदा भरलेला, ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली, लासलगावचा लिलाव काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. केंद्राची बॅटरी नेली, ट्रॅक्टर सुरू केला, बॅटरी परत जागेवर. अर्ध्या तासाचा मामला. पण प्रोग्राम अर्धवट चढलेलं यंत्र काही उठलं नाही. दोन ताकिदी आधीच झाल्या होत्या. तिसरीला नऊ वर्षांची राखणदारी जाणार, हे त्याला पाठ होतं.

"बॅटरी कोणी काढली?"

"काढली? पडली ती. भूकंप झाला ना."

"वणीच्या केंद्रातल्या यंत्राला दिसला नाही."

"कसा दिसंल? गावठी भूकंप व्हता. या माळाचा बांध बी नाय ओलांडला त्यानं."

निकिताने बॅटरीवरच्या ग्रीसमधून पेचकसाच्या टोकाने कांद्याची लाल साल उचलली आणि नोंदवहीवर ठेवली. मग तिने यंत्राचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. रंगनाथने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. तांबडी ओळ होती: वीज खंडित, ०६:१०.

त्याच्या जिवात जीव आला. सहाला तर त्याने बॅटरीला खरंच हात लावला नव्हता. कुसाबाई, त्याची बायको, देवापुढं उभी राहून सांगेल.

"बरोबर सहा वाजून दहा मिनिटं," तो सुटलाच. "कोंबडं आरवायला चोच उघडून उभं, त्याचा आवाजच जमिनीनं गिळला. ही बॅटरी उडाली ती छताला लागून माझ्या मांडीवर. वायरी दातांत धरल्या म्याडम, अन् दहा मिनिटं तुमच्या यंत्राला माझ्या अंगातली वीज पाजली. ही दाढ अजून गरम हाय, बघा हात लावून."

"नको. उजाडलं होतं?"

"नुकतं. चहा फुंकत व्हतो."

"लिहून द्या." तिने साल बाजूला सारून वही पुढे सरकवली. "वेळ घाला. खाली सही."

रंगनाथने ऐटीत लिहिलं. 'सहा दहा'च्या आधी 'सकाळी' हा शब्द त्याने आपल्या पदरचा घातला, सही केली आणि खाली दोन टिंबं दिली.

निकिताने ते वाचलं. लॅपटॉप मिटला.

"अपडेट मी काल साडेअकराला सुरू केलं, रंगनाथराव. ही यंत्रं जगात कुठंही ठेवा, एकच वेळ पाळतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं. त्याचे सहा दहा म्हणजे आपले अकरा चाळीस. खोटं बोललात, आणि आता ते स्वतःच्या हातानं लिहूनही दिलंत."