घडीची काच

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मेंदूतल्या मज्जातंतूंवर वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, तीन वर्षं हाच उद्योग. या पेशींची जात एकच, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तरुणपणी स्वतः मोजून सिद्ध केलं होतं. मोजणीबाईचं म्हणणं, जाती दोन आहेत. हिरवा रंग धरणारी ती दुसरी, आणि तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, जडलेल्या आजारात नेमकी तीच घटते. या मोजणीवर ते टिकणार होतं, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

मेंदूचा पातळ काप लावलेली काच आजारी माणसाची की निरोगी, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून जुने तंत्रज्ञ काचेवरच्या नावावर चिकटपट्टी लावून वर नुसता क्रमांक घालत. त्यांचं नावच पडलं होतं चिकटपट्टीकाका.

तिने एकोणचाळिसावी काच लावली. कोपऱ्यात पेशींचा थर पानासारखा दुमडलेला. ही घडी तिने काल पाहिली होती, सातव्या काचेत! काकांनी एकच काच दोनदा घातली होती, तिचा डोळा पारखायला. लबाड म्हातारा! सातवीत हिरव्या पेशी सत्तेचाळीस होत्या. कालचा सगळ्यात मोठा आकडा, विसरणार कसा?

तिने मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं, पुन्हा एकतीस. फिकट पेशी काल तिने हिरव्यात धरल्या होत्या. आज डोळा त्यांना हिरवं म्हणायला तयार नव्हता.

"आटपा मोजणीबाई," काका दारातून म्हणाले. "मॅडम खोळंबल्यात."

सत्तेचाळीस लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण 'माझ्यातली कुठली जात संपली गं?' असं ताईने परवाच विचारलं होतं. तिला थापा मारायच्या? तिने एकतीस लिहिलं आणि तिला रडूच आलं.

चिकटपट्ट्या निघाल्यावर मॅडमनी सातव्या आणि एकोणचाळिसाव्या काचेचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. "सत्तेचाळीस आणि एकतीस? एकाच काचेचे? ही मोजणी बाद."

"बाद करा," काका म्हणाले. "पण घडीची काच मी मुद्दाम घालतो, ओळखू यावी म्हणून. तीस वर्षं घालतोय. आजवर एकूणएक माणसाचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. खरोखर दोनदा मोजून इतके जुळतात होय?"

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या त्या जुन्या मोजणीच्या काचांनाही चिकटपट्ट्या काकांनीच लावल्या होत्या.