करकचून ब्रेक

ओदा शिगेओने तीस वर्षं हिनोकुची खोऱ्यातली बस चालवली, आणि त्या तीस वर्षांत कुणा बाईच्या पिशवीतला तोफू फुटला नाही. ही फुशारकी नव्हे, अख्खं खोरं सांगायचं. त्याचा पाय ब्रेकवर असा पडायचा की बस थांबली हे उभ्या माणसाला खिडकीबाहेर बघितल्यावर कळायचं. आणि असा माणूस वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, भर दुपारी, शेतकरी सोसायटीच्या बंद पडलेल्या दुकानापुढे आपली पिवळ्या नंबरपाटीची छोटी गाडी दामटत होता आणि मध्येच करकचून ब्रेक दाबत होता. टायर किंचाळले, पट्टा छातीत रुतला. मग त्याने इंजिन बंद केलं, फोन मांडीवर घेतला आणि वाट बघत बसला.

वेड लागलं होतं का त्याला? छे! सगळं कसं डोकं ठिकाणावर ठेवून चाललं होतं.

त्या गाडीच्या पुढच्या बाजूला, रेडिओच्या मागे, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी होती. दिसायला गरीब, पण चहाडखोर. गाडी कुठे आहे, किती पळते, कुठे दचकून थांबली, सगळं ती बिनतारी वरच्या वर कळवायची. हीच डबी शिगेओचा एकुलता एक मुलगा तोमोहिरो नागोयाच्या एका कंपनीत बसून गाड्या बनवणाऱ्यांना विकत असे, आणि गाड्यावाले ती आपल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारत. जाहिरातीत एक हसरी म्हातारी होती. तिच्याखाली मोठी अक्षरं, ‘दूर असलात तरी जोडलेले.’

आई गेल्यावर तोमोहिरोनेच ही गाडी बापाला आणून दिली.

‘‘बाबा, तुम्ही कुठे जोरात ब्रेक मारलात की मला तत्काळ मेसेज येतो. आता काळजीच मिटली.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझी,’’ तोमोहिरो म्हणाला. तो मनाचा वाईट नव्हता, नुसता कामाचा होता. कामाच्या माणसाला आपण काय बोलतो ते ऐकायलाही वेळ नसतो.

मग तो गेला तो ओबोनच्या, पितरांच्या सणाला आला, आणि पुढच्या ओबोनपर्यंत त्याचा आवाज नाही. शिगेओने आपण होऊन फोन केला नव्हता असं नाही. ‘‘बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही तातडीचं?’’ आता म्हाताऱ्या माणसाकडे तातडीचं असतं तरी काय? मुळे चांगले आलेत, छपराची दोन कौलं सरकलीत, तुझ्या आईच्या थडग्यापुढची फुलं बदलली. शिगेओ म्हणायचा, ‘‘नाही, सहज.’’ असं दोन-तीनदा झालं आणि त्याने सहज फोन करणं सोडून दिलं.

अशात एकदा आंघोळीच्या गरम झऱ्यावरून परत येताना रस्त्यात रानडुकराची पिल्लं आडवी आली. ब्रेक दाबावाच लागला. शिगेओ छातीवर हात ठेवून ‘हात मेल्यांनो’ म्हणतोय तोवर फोन वाजला.

‘‘बाबा! काय झालं? लागलं का कुठे?’’

‘‘तोमोहिरो? अरे काही नाही, डुकराची पिल्लं.’’

‘‘नक्की? डोकं आपटलं नाही ना? थांबा, आधी गाडी कडेला घ्या.’’

पोराचा आवाज कापत होता. ताप आला की तो असाच बोलायचा, लहानपणी. शिगेओने गाडी कडेला घेतली आणि मग बोलण्यात बोलणं निघालं. सून काय करते, नात कुठली वाद्यं वाजवते, नागोयात थंडी पडली का. फोन ठेवला तेव्हा म्हातारा एकटाच गाडीत हसत बसला होता. घरी जाऊन त्याने बायकोच्या फोटोपुढे साकेची छोटी वाटी ठेवली आणि डुकराच्या पिल्लांची हकीगत तिला दोनदा सांगितली.

दुसऱ्या वेळी पिल्लं नव्हती. चोर मनाने त्याने चारी बाजूंना बघितलं आणि दाबला. फोन आला. तिसऱ्या वेळी मांजराचं नाव पुढे केलं, मग चेंडूचं, मग बर्फाचं. बोलायचे विषय तो आदल्या दिवशीच योजून ठेवायचा. रस्त्यावर धोका नको म्हणून सोसायटीचं रिकामं आवार निवडलं. तीस वर्षं जपलेला पाय असा नासवताना त्याला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण फोन वाजला की लाज पळून जायची.

हे फुमिएच्या नजरेस पडणारच होतं. फुमिए म्हणजे खालच्या आळीतली विधवा, एके काळची त्याच्या बसमधली रोजची उतारू, आणि जिभेला हाड नसलेली बाई. ती मुळ्याची जुडी घेऊन आवाराच्या तोंडाशी उभी राहिली.

‘‘शिगेसान, गाडी बिघडलीय की तुम्ही?’’

‘‘ब्रेक तपासतोय.’’

‘‘गेल्या आठवड्यातही तपासत होतात. आणि तपासून झाल्यावर फोनकडे असे बघत होतात, जशी काही त्यातून नवरीच निघणार आहे.’’

शेवटी त्याने सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. फुमिए आधी पोट धरून हसली, मग हसायची थांबली.

‘‘अहो, मग सरळ सांगा ना त्याला! फोन करत जा रे अधूनमधून, म्हणावं. जीभ झडते का?’’

‘‘बापाने पोरापुढे हात पसरायचा? फोनसाठी?’’

‘‘आणि हे काय चाललंय? हे हात पसरणं नाही? हे तर पाय पसरणं झालं.’’

‘‘तुला नाही कळायचं. मी मागितला तर तो देईल. त्याला उपकार म्हणतात. असा येतो तेव्हा तो घाबरून येतो. त्याच्या जिवातून येतो.’’

‘‘पोराला घाबरवून प्रेम काढायचं, शाबास,’’ फुमिए म्हणाली. ‘‘एक दिवस अंगाशी येईल हं.’’

शिगेओने गाडी सुरू केली. आपलं म्हणणं धड नाही हे त्यालाही कळत होतं.

आणि आलंच अंगाशी. पण फुमिएला वाटलं होतं तसं नाही. एका दुपारी ब्रेक दाबला, फोन वाजला, शिगेओने घसा साफ करून ‘‘तोमोहिरो, अरे मांजर...’’ म्हटलं, तर पलीकडून मध घातलेला आवाज आला.

‘‘ओदासामा, नमस्कार. मी काळजी केंद्रातून बोलतेय. आपल्या गाडीने आत्ता तीव्र ब्रेक नोंदवला. आपण सुखरूप आहात ना?’’

‘‘तू कोण? माझा मुलगा कुठाय?’’

‘‘आपल्या कुटुंबीयांनी आपल्यासाठी वरची योजना घेतली आहे, ओदासामा. आता आपल्याला चोवीस तास आम्हीच फोन करू. कुटुंबीयांना त्रास होणार नाही.’’

शिगेओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या पोरीवर तरी काय ओरडायचं! कुठल्या तरी गावी, कानाला यंत्र लावून, दिवसभर दुसऱ्यांच्या बापांची चौकशी करणारी. तिचा बाप कुणाच्या फोनची वाट बघत होता, देव जाणे. ‘‘सुखरूप आहे, बाळ,’’ तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने गाडी मागे घेतली आणि हट्टाने पुन्हा दाबला. पुन्हा तीच पोरगी. पुन्हा दाबला. पुन्हा ‘ओदासामा’. त्या दिवशी म्हाताऱ्याने ब्रेकवर सगळा राग काढला आणि काळ्या डबीने तो इमानेइतबारे वर कळवला.

त्याचं फळ म्हणजे तोमोहिरो स्वतः येतो म्हणाला. ओबोन नाही, नवं वर्ष नाही, आणि पोरगा येतोय! शिगेओने किनाऱ्यावरून खेकडा मागवला, न्हाणीघर घासलं, पाहुण्याची गादी उन्हात टाकली. फुमिएने मुळ्याचं लोणचं आणून दिलं आणि वाढायला मदत करते म्हणून थांबली. खरं तर काय होतंय ते बघायला थांबली.

तोमोहिरोने खेकड्याला हात लावायच्या आधी पाटीएवढा मोठा स्क्रीन काढून मधोमध ठेवला. त्यावर खोऱ्याचा नकाशा होता आणि नकाशावर लाल ठिपके.

‘‘बाबा, रागावू नका. हे बघा. आधी एखादा ठिपका होता. आता हे. आणि कुठे आहेत बघा, सगळे एकाच जागी. सोसायटीच्या दुकानापुढे.’’

शिगेओने खेकड्याचं ताट बाजूला सारलं. सापडलो, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आता पोरगा हसेल, म्हणेल, बाबा, काय हा खुळेपणा! 

‘‘ते दुकान बंद होऊन किती वर्षं झाली?’’ तोमोहिरो हळूच म्हणाला. ‘‘तुम्ही तिथे जाता, पुन्हा पुन्हा जाता, आणि आत वळल्यावर तुम्हाला आठवतं की दुकान बंद आहे. मग दचकून ब्रेक मारता. मी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याची ही सुरुवात असते म्हणाले.’’

फुमिएच्या हातातला पळा खाली आला. ‘‘अरे तोमोहिरो, काहीच्या बाही काय बोलतोस! तुझा बाप ना...’’

‘‘फुमिए!’’ शिगेओने असं बघितलं की तिने पुढचे शब्द गिळले.

आता सांगायचं तर एकच वाक्य होतं. तुझा फोन यावा म्हणून मी ब्रेक दाबत होतो. एवढंच. पण ते वाक्य तोंडापर्यंत आलं की त्याचा काय अवतार होई! वेडा ठरलेला बाप परवडला, वेड्याला निदान औषध असतं. फोनसाठी झुरणाऱ्या बापाकडे पोरगा कोणत्या नजरेने बघेल? कीव करील. शिगेओला कीव नको होती.

‘‘लायसन्स परत करू या, बाबा,’’ तोमोहिरो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. ‘‘एखादं शाळकरी पोर तुमच्या चाकाखाली आलं तर? गाडी नसली की मी निर्धास्त. मग मीच रोज फोन करत जाईन. रोज, बाबा.’’

रोज!

शिगेओने वर बघितलं. बाजार, गरम झरा, टेकडीवरचं बायकोचं थडगं, सगळं त्या एका गाडीवर. बस बंद होऊन जमाना झाला होता, त्याच्याच हाताने ती शेवटची डेपोत नेली होती.

‘‘बरोबर आहे तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘हल्ली पाय चुकतो माझा.’’

फुमिए उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

दुसऱ्या दिवशी बापलेक चौकीवर गेले. तिथल्या पोलिसाने कमरेत वाकून ‘‘इतकी वर्षं गाडी चालवलीत, फार श्रम घेतलेत’’ म्हटलं आणि लायसन्सच्या बदल्यात एक कार्ड दिलं. ते दाखवलं की बसचं भाडं अर्धं. कुठली बस, ते त्या पोलिसालाही सांगता आलं नसतं. गाडी विक्रेत्याचा माणूस येऊन घेऊन गेला, डबीसकट.

तोमोहिरोने शब्द पाळला. पहिल्या आठवड्यात रोज फोन आला. मग एक दिवसाआड. मग ‘‘बाबा, धावपळीत आहे, सगळं ठीक ना?’’ एवढाच. मग तेवढाही नाही. काळजी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना! शिगेओ आता बाजाराला फुमिएच्या भाच्याच्या टेम्पोतून जायचा, त्याला सवड असेल तेव्हा. टेकडीवर जाणं थांबलं. बायकोच्या थडग्यापुढची फुलं वाळून काळी पडली असतील, एवढं त्याला घरी बसून कळत होतं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका दुपारी फोन वाजला. शिगेओ कोतात्सूखाली, म्हणजे शेगडीच्या बुटक्या मेजाखाली, पाय शेकत बसला होता, तो धडपडत उठला.

‘‘बाबा! बसलाय ना नीट? मोठी बातमी आहे!’’

काय तो आवाज! कुठली घाई नाही, मीटिंग नाही. शिगेओने फोन दोन्ही हातांनी धरला.

‘‘आज गाड्यावाल्यांच्या बड्या साहेबांपुढे माझं भाषण होतं. मी तुमचाच नकाशा दाखवला. नाव नाही हं टाकलं, नुसतं ‘शिमाने प्रांतातले एक वृद्ध गृहस्थ’. म्हटलं, हे बघा, गावात कुणाला पत्ता नाही, शेजाऱ्यांना नाही, त्यांना स्वतःला नाही, पण आमच्या डबीने ओळखलं. अपघात व्हायच्या आधी त्या गृहस्थांनी हसत हसत लायसन्स परत केलं. बाबा, लोक उभे राहिले! टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षीपासून त्यांच्या प्रत्येक गाडीत आमची डबी. प्रत्येक गाडीत!’’

‘‘वा,’’ शिगेओ म्हणाला.

‘‘एक बाई तर रडल्या. म्हणाल्या, वडिलांशी इतकं जोडलेलं राहणं सगळ्यांना नाही जमत.’’

मग तोमोहिरो बोलत राहिला. बढतीचं, नव्या घराचं, नातीच्या परीक्षेचं. इतकं तो आयुष्यात बापाशी बोलला नव्हता. शिगेओ ऐकत होता आणि कोतात्सूखाली त्याचा उजवा पाय चटईवर दाबला जात होता, हळू हळू, जुन्या सवयीने, तोफू फुटणार नाही असा. आता खरं सांगितलं तर? पोराची बढती, ती उभी राहिलेली माणसं, ती रडलेली बाई. एका वाक्यात सगळ्यांची माती झाली असती.

‘‘अभिनंदन, पोरा,’’ तो म्हणाला. ‘‘आईला सांगतो तुझ्या.’’

‘‘तुमच्यामुळेच, बाबा. बरं, ठेवू? सगळे पार्टीला थांबलेत. आणि हो, तुमचं बरं चाललंय ना? चाललंच असेल म्हणा. काही झालं असतं तर कळलंच असतं.’’

शिगेओने डोळे मिटले. गाडी, लायसन्स, तीस वर्षांचं नाव, जे न बोलण्यासाठी हे सगळं घालवलं होतं, ते त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

‘‘तोमोहिरो, फोन करत जा रे अधूनमधून.’’

पलीकडून उत्तर आलं नाही. पोराने फोन केव्हाच ठेवला होता.