नववं चित्र

मी एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. विविधतेतली एकता या धड्यावर तर माझा असा हात बसला होता, की तपासणीला साहेब आले की हेडमास्तर मलाच वर्गावर पाठवायचे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं ते अडाण्यानं केलं, असं कोणी म्हणू नये. चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसानं केलं, माईक हातात धरून केलं.

बेसा भागात आमची बिल्डिंग आहे. तिसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो. समोरच्या दारात इंदूबाई आणि त्यांचा मुलगा धम्मानंद. इंदूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली. दर रविवारी त्या हुडकेश्वरच्या विहारात बायांना वंदना शिकवतात, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बावीस प्रतिज्ञा त्याच पुढे उभं राहून सगळ्यांकडून म्हणवून घेतात.

माझी बायको शामला शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. इंदूबाई तेव्हा दिवसातून चारदा यायच्या, म्हणून शामलानं आमच्या दाराची एक किल्लीच त्यांना देऊन टाकली. संध्याकाळी त्या शामलाची कूस बदलायच्या आणि जाता जाता आमच्या देवघरातला दिवा लावायच्या. शामला जाऊन दोन वर्षं झाली, तरी दिव्याचा तो नेम चालूच होता. त्या वेळी मी बागेत असायचो. तिथे म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर माझं प्रवचन रंगायचं, की सगळे धर्म एकच, फक्त नावं वेगळी. घरी यायचो तो दिवा लागलेला असायचा. कोणाच्या देवापुढे कोण दिवा लावतंय आणि काहून लावतंय, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. नळाला पाणी येतं तसा तो लागतो, असंच मी धरून चाललो होतो.

यंदा गणपतीत बिल्डिंगच्या मंडळानं दशावताराचा देखावा केला. मंडळाची सेक्रेटरी मिनल विचारायला आली, "सर, नववा कोण घ्याचा? कुठे विठ्ठल दाखवतात, कुठे बुद्ध."

"बुद्धच घ्या," मी म्हणालो. "बिल्डिंगमध्ये बौद्ध घरं आहेत. त्यांना बरं वाटेल."

त्या घरांना विचारलं का? छे! चित्र मीच इतवारीच्या बाजारातून फ्रेम करून आणलं. ऑटोत मांडीवर धरून आणलं, आणि वाटभर स्वतःवर असा खूश होतो, की काय सांगू!

पाचव्या दिवशी संध्याकाळी आरतीला पार्किंगमध्ये गर्दी जमली होती. इंदूबाई आणि धम्मानंद बाहेरून येत होते. मी माईकवरूनच हाक मारली, "इंदूबाई, या! आज आरतीचा मान तुमचा. हे पाहा तुमचे भगवान बुद्ध, आमच्या विष्णूचे नववे अवतार!"

टाळ्या पडल्या. इंदूबाई जागच्या हलल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "नाही सर. तुमची आरती होऊ द्या. आम्ही जातो वर."

तेवढ्यावर थांबायचं ना! पण चारचौघांत माझा मान ठेवला नाही, हे मला झोंबलं. मी म्हणालो, "काहून? आम्ही बुद्धाला आमच्यात घेतलं, तुम्हाला एवढंसं मन मोठं करता येत नाही?"

"तुम्ही घेतलं," त्या म्हणाल्या. "आम्ही दिलं नव्हतं."

मागून कोणीतरी हसलं. झालं, माझं टाळकंच सटकलं. मी माईक तोंडाजवळ धरला आणि म्हणालो, "अहो, माझ्या घरी येऊन देवापुढे रोज दिवा तुम्हीच लावता ना? दोन वर्षं झाली! मग इथेच कसली लाज?"

इंदूबाईंच्या विहारातल्या दोघी बाया आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी चमकून इंदूबाईंकडे पाहिलं. धम्मानंदनंही पाहिलं. इंदूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मग धम्मानंद त्यांचा हात धरून म्हणाला, "चाल आई." ते दोघं जिन्यानं वर गेले, आणि मी निर्लज्जासारखी आरती सुरू केली.

सकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला होता. मी दुपारी समोरचं दार वाजवलं. इंदूबाईंनी उघडलं, आत बसवलं, पाणीही दिलं. मी म्हणालो, "माझं चुकलं. रागाच्या भरात बोललो. पण दिवा लावता हे काही वाईट नाही ना सांगितलं मी?"

माझ्या हातातला रिकामा ग्लास त्यांनी बाजूला ठेवला.

"शामला जाच्या आठ दिवस आधी मले म्हणाली," त्या म्हणाल्या, "इंदू, माह्यामागं दिवा बंद पडन वं. आमचे सर भाषण देतीन, दिवा नाही लावणार. मी म्हटलं, मी लावीन. पण हात नाही जोडणार. तर ती हसली. म्हणे, नको जोडू, तो माहा देव हाये, तुहा नाही. तेवढंच आमचं बोलणं झालं, सर. दोन वर्षं दिवा लावला, एकदाही हात नाही जोडले. धम्मानंदलेही सांगतलं नव्हतं. ते माह्यात अन् तिच्यात होतं."

मला मान वर करवेना. एकतीस वर्षं जे मी फळ्यावर लिहिलं, ते या दोघींनी माझ्याच घरात चार वाक्यांत उरकलं होतं. आणि मी ते पार्किंगमध्ये ओढून आणलं.

"बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही आमच्या प्रतिज्ञांमधली एक हाये," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाले माहीत नव्हतं?"

माहीत होतं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाचलेलं होतं. पण ती प्रतिज्ञा दुसऱ्या कोणासाठी आहे, त्या जुन्या, कोत्या मनाच्या लोकांसाठी आहे, असं मी समजत होतो. माझ्यासारख्या मोठ्या मनाच्या माणसाला ती कशी लागू होईल!

"मी विहारात येतो," मी कसंबसं म्हणालो. "सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"नाही. माह्याबद्दल आता तुम्ही कुठंच काही बोलू नका. काल बी चांगल्या मनानंच सुरू केलं होतं ना?" त्या उठल्या. "यंदा प्रतिज्ञा दुसरी कोणी सांगन. मीच नाही म्हणून कळवलं. देवांची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा आली की बाया माह्या तोंडाकडे पाहतीन. ते मले नाही सोसणार."

मी निघालो तेव्हा त्यांनी आतून एक स्टीलचा डबा आणून माझ्या हातात दिला. "वाती हायेत. महिनाभर पुरतीन."

वेडा मी, मला वाटलं, माफ केलं.

संध्याकाळी खाली जाऊन मी ते नववं चित्र काढलं. मिनल धावत आली. "सर, त्यांनी तक्रार केली का?"

"नाही. कोणीच काही म्हटलं नाही," मी म्हणालो. "मी न विचारता आणलं होतं, म्हणून मीच काढतो."

"पण मधली जागा रिकामी दिसते ना."

"दिसू दे."

तिनं माईक पुढे केला. मी घेतला नाही.

वर आलो. घरात अंधार होता. दिव्याची वेळ टळून गेली होती. काडीपेटी कुठे असते ते मला ठाऊक नव्हतं, माझ्याच घरात! शेवटी देवघराच्या खालच्या खणात सापडली. वात काढायला डबा उघडला. वाती ओळीनं लावून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर आमच्या दाराची किल्ली होती. शामलानं तिला बांधलेला लाल दोरा अजून तसाच होता.

मी दिवा लावला. तेल सांडलं, दोन काड्या वाया गेल्या, पण लावला. मग ती किल्ली उचलली आणि देवापुढे उभा राहिलो. मूठ काही उघडवेना, म्हणून हात जोडायचे राहूनच गेले.