दोन सूत

इब्राहीमने मोटरीच्या पंख्याचा तुटलेला पट्टा लाकडी पेटीवर ठेवला आणि तो बाजूला उभा राहिला.

महिनाभरातला हा तिसरा. मागच्या खेपेला हाच इब्राहीम तुटका पट्टा गळ्यात अडकवून आला होता. "वारलूभाऊ, हार घेऊन आलो. या मोटरीसंगं लगन लावून टाका माहं," असं म्हणून स्वतःच हसला होता. आज तो हसला नाही, तेव्हा कमळाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कुठी तुटला?" तिच्या वडिलांनी, वारलू मिस्त्रींनी, विचारलं.

"धानोऱ्याच्या वाटेवर. जंगलात. मागं बाळंतीण होती. पट्टा गेला, पंखा थांबला, पाणी उकळ्याले लागलं. मंग गावातून बैलबंडी आणली. बंडीले किती येळ लागते, तुमाले ठावं हाये." तो थांबला. "बाई वाचली. पोट्टं नाई राह्यलं."

आरमोरीच्या त्या टिनाच्या छपराखाली वडील बसल्या जागेवरून उठले.

ही दवाखान्याची मोटर, इब्राहीम ती चालवायचा. महिन्यापूर्वी तिचं इंजिन जाम झालं, तेव्हा लिलावातल्या एका लष्करी गाडीचं इंजिन आणून वारलू मिस्त्रींनी तिच्यात बसवलं होतं. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून इंजिन खाली उतरलं, ते पाहायला अर्धा बाजार जमला होता. मोटर सुरू झाली आणि मग पट्टे तुटू लागले. पहिला दुकानात पडून वाळला होता, असं सगळ्यांनी ठरवलं. दुसरा नागपूरहून आला. तो इब्राहीमने जास्त ताणला, असं वडील म्हणाले. तिसरा त्यांनी स्वतः, अंगठ्याने दाबून बघत, चढवला होता.

मोटर बैल लावून ओढत आणली होती. मागोमाग गुणवंतराव आले. दवाखान्याचा कारभार ते पाहत.

"वारलूभाऊ, हा इब्राहीम मोटर दामटते, असं डाक्टरसाहेबाचं मत झालं. उद्यापासून दुसरा डायवर येईन. तुमी फक्त सांगा का मोटर ठीक हाये म्हणून. तुमच्या डोळ्यापुढं कोनाचं काय चालते?"

इब्राहीम खाली बघत होता. त्याच्या पायांवर गुडघ्यापर्यंत नाल्याचा चिखल वाळला होता.

वडील मोटरीसमोर उकिडवे बसले. डावा डोळा मिटून त्यांनी तीन चाकांवरून नजर लावली. इंजिनचं खालचं चाक, पंख्याचं चाक आणि डायनेमोचं चाक. या तिन्हींवरून पट्टा फिरतो. वीस वर्षांत त्यांनी असं काम करताना कधी दोरा धरला नव्हता की पट्टी लावली नव्हती. बघायचे आणि सांगायचे, "एक सूत भाईर हाये." मिस्त्रीलोकांच्या बोलीत सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कोणी मोजलंच, तर बरोबर एक सूत निघायचं.

"सरळ हाये," ते म्हणाले.

कमळाने पट्टा उचलला. त्याची एक कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि तिथूनच दोरे सुटले होते. दुसऱ्या कडेचं कापड अजून कोरं होतं.

तिला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. वडील तेल ओतायचे तेव्हा धार नरसाळ्याच्या बाहेर पडायची. ती मागून जाऊन पुसून घ्यायची. तेल तर आहे, पुसलं की झालं, असं ती मनाशी म्हणायची. आता गुणवंतरावांसमोर काय बोलायचं? आणि नाही बोललं तर इब्राहीमच्या घरी काय?

"बाबा, दोऱ्याचं सूत लावून पाह्यचं काय?"

"सूत?" वडील हसले. "मी काय सुतार होय काय वं? माह्या डोळ्याले सूत लावतं?"

"पट्टा एकाच अंगानं झिजला. हात लावून पाहा."

तिने पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. सुटलेल्या दोऱ्यांशी अंगठा अडला. त्यांनी दुसरी कड चाचपली, मग पुन्हा पहिली. हसू केव्हाच गेलं होतं.

"आण," ते म्हणाले.

तिने घरातून वाकळ शिवायचा दोरा आणला. एक टोक इब्राहीमने धरलं, दुसरं तिने. खालच्या चाकाला दोरा टेकला, पंख्याच्या चाकाला टेकला. डायनेमोच्या चाकाजवळ मात्र दोरा आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसत होता.

"किती?" वडिलांनी विचारलं.

कमळाला वाटलं, ते स्वतः वाकून बघतील. ते वाकले नाहीत.

"दोन सूत," ती म्हणाली.

त्यांनी उजवा डोळा मिटून दोऱ्याकडे पाहिलं. मग डावा मिटून पाहिलं. मग पुन्हा उजवा. कमळाने नजर दुसरीकडे वळवली.

"गुणवंतराव," ते उठत म्हणाले, "जुन्या इंजिनचा डायनेमोचा पाया म्या नव्यावर बसवला. नव्याचं चाक पुढं येते. पाया दोन सूत पुढं घ्याले पाह्यजे होता. पट्टा रोज वाकडा चालून राह्यला होता. म्या पाह्यलं आन सरळ हाये म्हनलं. हा उजवा डोळा गेला माहा. इब्राहीमनं मोटर दामटली नाई."

गुणवंतराव अवघडले. "भाऊ, हे भाईर कायले सांगता? पट्टाच खराब होता म्हनू."

"पट्ट्याचं नाव झालं, इब्राहीमचंबी झालं." वडील म्हणाले. "डाक्टरले असंच सांगजा. आन त्या बाईच्या घरचं कोनी इचारलं, तं त्याईलेबी."

नवीन पट्टा दवाखान्यात होता, तो गुणवंतरावांनी पाठवला. तोवर वडिलांनी लोखंडाची चपटी पट्टी कापून घासली. दर वेळी बोटाने तिची जाडी चाचपायचे आणि कमळाच्या हातात द्यायचे. ती पाहायची, "अजून थोडी" म्हणायची. ते निमूट घासायचे. तिच्या आठवणीत वडिलांनी तिला कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. ती दहा वर्षांची असल्यापासून अवजारं हातात देत आली होती, तेवढंच.

पायाच्या मागे पट्टी बसली, पाया दोन सूत पुढे आला. दोरा तिन्ही चाकांना टेकला. नवा पट्टा चढवून इब्राहीमने इंजिन सुरू केलं. पट्टा एकसारखा फिरू लागला, कुठे थरथर नव्हती.

"भाऊ, बसा पुढं. एक चक्कर मारू," इब्राहीम म्हणाला.

"नाई रे. तू जाय. तिकडं वाट पाहून राह्यले असन."

"तुमी सांगतलं नसतं तं..."

"जाय म्हनलं न."

मोटर निघाली. वडील रस्त्यापर्यंत चालत आले आणि हात वर करून उभे राहिले. तलावाजवळ मोटर डावीकडे वळली, झाडांआड झाली. तिची लाल धूळ सरळ रस्त्यावर तशीच तरंगत राहिली आणि वडील त्या धुळीकडे बघत हात वर धरून उभे होते.

कमळा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "गेली काय वं?"

"गेली," ती म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतला.